मालकाच्या नंबरवर

अमरमहालच्या पुलाखाली, सिग्नलच्या जरा अलीकडे,
सावलीत उभा असतो तो. पांढरा शर्ट, खाकी पँट,
छातीवर घुगे.
हात केला तेव्हा मी आधी मागे बघितलं,
शाळेत बाई बोट दाखवायच्या तेव्हा बघायचे तसं.

गाडी बाजूला घ्या, ताई.
घेतली. किल्लीला त्याने हात लावला नाही,
हेही सांगायला हवं.

पहिला गुन्हा नंबर प्लेट.
एक्केचाळीस एक्केचाळीसचं
पेंटरकडून 'दादा' करून घेतलेलं,
चाराचा द, एकाचा काना.
ह्या नंबरासाठी आरटीओत जास्तीचे पैसे भरले होते त्याने.
आई तेव्हाच म्हणाली होती,
घरात दादा आहेस तेवढं पुरे, रस्त्यावर कशाला?

"मशीनला वाचता येत नाही हे," घुगे म्हणाला.
"आम्हालाही," मी म्हटलं.
हसला नाही.

दुसरा गुन्हा आई.
काल मोतीबिंदू काढलेला, आज तपासणी,
उजव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवलेली.
त्यावरून हेल्मेट उतरेना,
म्हणून तिने ते मांडीवर धरलं होतं,
नातवंड घ्यावं तसं, दोन्ही हातांनी.

"हेल्मेट आहे की."
"डोक्यावर लागतं, मावशी."
"डोकं कधीचंच कामातून गेलंय, डोळा नवा आहे."

घुगे क्षणभर थांबला. थांबला होता, खरंच.
पण पलीकडे साहेब खुर्ची टाकून बसलेले,
आणि दुपारपर्यंत आकडा भरायचा असणार.
त्याने मागे जाऊन फोटो काढला.
फोटोत प्लेट आली पाहिजे, बाकी येईल ते येवो.
नेमकी तेव्हा आई वळली,
काय करतोय मेला, ते बघायला.

मशीनवर नाव आलं: दयानंद धोंडू कासले.
"हे कोण?"
"भाऊ."
"मेसेज त्यांना जाईल. मालकाच्या नंबरवर."
मी म्हटलं, जाऊ दे.

चौदा महिने त्या नंबरवर मी काही पाठवलं नव्हतं.
खोलीच्या कागदांवरून शब्दाला शब्द लागला,
गाडीची किल्ली फ्रीजवर ठेवून तो वसईला गेला.
मुलगा झाला हे सुर्वेकाकींकडून कळलं.
आईने त्या दिवशी घासलेली भांडी परत घासली.

रात्री चलन उघडलं.
पाचशे आणि पाचशे. कलमं दोन.
खाली फोटो:
माझी पाठ, ओढणीचं टोक, 'दादा',
आणि मधोमध आई,
हाक ऐकल्यासारखी मान वळवून
एका डोळ्याने सरळ बघणारी.

पैसे मीच भरणार होते, सात तारखेला, पगारावर.
पाचला बघितलं तर भरलेले.
रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी.
फोन नाही, मेसेज नाही, बाळाचा फोटो नाही.
नुसती पावती, तिच्यावर त्याचं पूर्ण नाव.

आईला फोटो दाखवला.
मोबाइल लांब धरून, जवळ धरून, तिने खूप वेळ बघितला.
"केस तरी विंचरले असते," एवढंच बोलली.

प्लेट बदलायला हवी, मला कळतं.
पुन्हा धरलं तर दंड वाढतो म्हणतात.
पेंटरचं दुकान वाटेतच आहे, रविवारीही उघडं असतं.

परवा दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायला निघालो.
तिने तेल लावून घट्ट वेणी घातली,
मग हेल्मेट, न सांगता.
मी आतल्या रस्त्याने जात होते, घाटल्यातून.
तिने पाठीवर थाप मारली: पुलाखालून घे.

घुगे होता. सावलीत, तसाच.
मागून काच वर सरकल्याचा आवाज आला,
मग सीट हलली, ती वळली असणार.
सिग्नल सुटला. मी उगाच हळू चालवली.
पूल संपल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली,
"काढला का गं त्याने?"